नियंत्रण कक्षातून धोरणाकडे जाताना अडलेला लखोटा

हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून बरीच वर्षे काढल्यावर मी ठाण्यात राहून विमानचालन कायदा आणि धोरण या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. निवड परीक्षा, आवाज चाचणी, प्रयागराजचे प्रशिक्षण, रेटिंगच्या म्हणजे प्रत्यक्ष नियंत्रण करण्याच्या परवानगीच्या परीक्षा हे सारे पूर्वीच पार पडले होते. अडले ते स्वतःच्याच पदवीच्या गुणांवर.

धोरणाकडे वळण्याचे कारण मुंबईचे आकाश. मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या दोन स्वतंत्र धावपट्ट्यांसारख्या वापरता येत नाहीत. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईची विमानेही त्याच आकाशात आली आहेत. कोणाला किती स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या नेमून दिलेल्या वेळा, द्यायचे, लष्करासाठी राखलेले आकाश नागरी विमानांना केव्हा मोकळे करायचे, हे रडारसमोर ठरत नाही. ते जिथे ठरते तिथे रडारसमोर बसलेला माणूस असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रवेशासाठी तिन्ही वर्षांचे ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणांचा अधिकृत उतारा, तोही विद्यापीठाच्या मोहोरबंद लखोट्यात, हवे होते. माझ्या अर्जावर परीक्षा विभागाने शेरा मारला, "द्वितीय वर्ष, भौतिकशास्त्र, गुण जुळत नाहीत." पुनर्मूल्यांकनात माझे गुण वाढले होते आणि सुधारित गुणपत्रिका विद्यापीठानेच दिली होती, परंतु मूळ रजिस्टरात ती दुरुस्ती कोणी चढवलीच नव्हती.

"मॅडम, रजिस्टरला असेल तेच आम्ही देणार," खिडकीवरून उत्तर आले.

"मग ही गुणपत्रिका कोणी दिली?"

"ते पुनर्मूल्यांकनच्या टेबलावर विचारा."

त्या टेबलावर कळले की जुनी कागदपत्रे रेकॉर्ड रूममध्ये आहेत, आणि रेकॉर्ड रूमला परीक्षा विभागाचे पत्र हवे होते. रात्रपाळी संपवून थेट तिथे जावे, रांगेत उभे राहावे आणि आपला नंबर येईपर्यंत जेवणाच्या सुट्टीची पाटी लागावी, याचा संताप अजून गेलेला नाही. आमच्या कामात वैमानिकाने उंचीचा आकडा चुकीचा उच्चारला तर तो त्याच क्षणी सुधारून पुन्हा वदवून घेतात. इथे चुकीचा आकडा वर्षानुवर्षे कागदावर होता आणि तो सुधारणे हे कोणाचेच काम नव्हते.

शेवटी दोन्ही गुणपत्रिकांच्या प्रती जोडून परीक्षा नियंत्रकांच्या नावे लेखी अर्ज दिला आणि स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. पुढचे प्रत्येक स्मरणपत्र तो आवक क्रमांक घालूनच पाठवले. तोंडी विचारणाऱ्याला टेबले दाखवतात, क्रमांकाला मात्र लेखी उत्तर द्यावे लागते. एके दिवशी माझ्यासमोर ते जाडजूड रजिस्टर उघडले गेले, जुना आकडा लाल शाईने खोडून शेजारी नवा लिहिला गेला आणि त्यावर सही झाली. लखोटा हाती आला तेव्हा मला रेटिंग मिळाल्याच्या दिवसाइतकाच आनंद झाला.

या वाटेने येणाऱ्या नियंत्रकांनी लखोटे मागताना दोन जादा मागावेत, कारण फोडलेला लखोटा दुसरीकडे चालत नाही. अभ्यासाच्या काळात नियंत्रकांना लागणारी तृतीय श्रेणीची वैद्यकीय तपासणी आणि इंग्रजी प्रावीण्याची मुदत चुकवू नये. इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी चौथ्या पातळीचे प्रावीण्य दर तीन वर्षांनी तपासले जाते. 1934 च्या विमान कायद्यावरच्या जुन्या टिपणांवर विसंबू नये, त्याच्या जागी 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे. वाचनाची सुरुवात नागरी विमानचालनावरच्या 1944 च्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या 28 व्या अनुच्छेदापासून करावी. हवाई मार्गदर्शनाच्या सुविधा पुरवण्याची जबाबदारी राष्ट्रांवर तिथेच टाकलेली आहे.