दोर कधी सैल सोडायचा

शनिवार, रात्री

आज बानूने, माझ्या लहान घोडीने, मोरकी (दोर अडकवायला तोंडावर चढवतात ती) आपण होऊन घातली. मी ती नुसती तिच्या तोंडापुढे धरून उभी होते. तिने दोनदा हुंगली, मान खाली घेतली आणि तोंड आत सरकवलं. कानामागून पट्टा घेताना एरवी ती डोकं वर झटकते, आज एक कान तेवढा हलला. पट्टा लावला आणि लगेच पुन्हा काढला. आजच्यापुरतं एवढं बस होतं.

बानू भीमथडी जातीची, दीड वर्षाची, धनगरांच्या वाड्यावरून आलेली. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली ही घोडी उंचीने लहान, पण भारी काटक. मेंढपाळ दसरा-दिवाळीच्या सुमारास कोकणाच्या वाटेला लागतात तेव्हा सगळं बिऱ्हाड हिच्याच जातभाईंच्या पाठीवर असतं. भांडी, वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी घरातलं तान्हं मूलसुद्धा. शिंगरू मोकळंच, आईच्या कडेकडेने चालत असतं. कुत्री, ट्रक, घाटातलं धुकं, ओढ्याचं पाणी, सगळं त्याने गळ्यात दोर पडायच्या आधीच पाहिलेलं असतं, आणि तेही आई शेजारी असताना. याहून चांगली पहिली शाळा मला माहीत नाही. म्हणून बानू डंपरला बिचकत नाही. बिचकते ती माणसाच्या हाताला, आणि माझं सगळं काम तिथेच आहे.

दोर ओढला की शिंगरू मागे ओढतं. त्याला लोक हट्टी म्हणतात, दोघं-तिघं मिळून आणखी जोरात ओढतात. पण दाब आला की त्याच्या उलट जोर लावायचा, हे घोड्याच्या अंगातच असतं. मी ओढत नाही. दोराला बेताचा ताण देते आणि तेवढाच धरून ठेवते. तिने एक खूर पुढे टाकला, नुसता अंगाचा भार पुढे घेतला तरी त्याच क्षणी दोर सैल. उशीर झाला तर तिला नेमकं कशाबद्दल सुटका मिळाली ते कळत नाही. जे शिकायचं ते ती दोर सैल पडताना शिकते. मग मी गप्प उभी राहते. थोड्या वेळाने ती ओठ चाटते, तोंड हलवते, खालचा ओठ जरा लोंबतो. तेवढं झाल्याशिवाय पुढचं काही मागत नाही.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला जवळजवळ ३५० अंशांचा घेर दिसतो. दिसत नाही ते थेट कपाळापुढचं आणि शेपटीमागचं. आपल्याला समोरून जाऊन कपाळावर थोपटायची हौस, आणि तो हात कुठून आला ते तिला कळत नाही. म्हणून घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, खांद्याकडून या. आयाळ संपते तिथे, पाठीच्या सुरुवातीला, बोटांनी खाजवा. घोडी एकमेकींना दातांनी तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवलं की त्यांच्या छातीचे ठोके मंदावतात. बानू तर मान लांब करते आणि वरचा ओठ वाकडा करून हवेत हलवत राहते. मी खरारा, म्हणजे अंग घासणंही तिथूनच सुरू करते.

दुपारी मामा आले होते. म्हणाले, "अगं, चांगली थोराड झाली की. पोराला बसव पाठीवर. बाजारात हिच्या वयाची शिंगरं ढोलावर नाचतात."

"मामा, चार वर्षांची होईपर्यंत हिच्या पाठीवर कुणी बसणार नाही," मी म्हटलं. त्यांना ते फार वाटलं. पण पुढच्या गुडघ्यावरच्या हाडाची वाढच मुळी अडीच वर्षांच्या आसपास पुरी होते, आणि पाठीचे मणके पक्के व्हायला पाच-साडेपाच वर्षं लागतात. बाहेरून थोराड दिसली तरी आत हाड कोवळंच असतं. कोवळ्या शिंगराला दोराला बांधून लहान गोलात पळवत ठेवतात तेही मला बघवत नाही, सगळा पीळ सांध्यांवर येतो. आम्ही दोघी बांधावरून सरळ चालतो. थांबायचं, दोन पावलं मागे, परत चालायचं.

मामांचंही खरं आहे, नाचणाऱ्या घोड्याला गिऱ्हाईक असतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत उंच मारवाडी आणि शुभ्र नुकरा घोड्यांचे भाव लाखांत जातात. भीमथडी तिथे कुणाच्या नजरेत भरणार? जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोने आता कुठे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. ज्या घोड्यांवर मराठ्यांची फौज चालली, त्यांच्यासाठी हे फार आधी व्हायला हवं होतं.

आता राहिले मागचे पाय. डावा ती देते. उजव्या बाजूला गेलं की सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं. तिथे आधी दोराचा गुंडाळा मांडीवरून खाली फिरवते, मग हात, मग घोट्याला नुसता स्पर्श. तिने खूर उचलला की हातात फक्त टेकवून घ्यायचा आणि तिने हिसडायच्या आधी खाली ठेवायचा. हिसडल्यावर सोडला तर हिसडायचंच शिकेल.

पुढच्या आठवड्यात नालबंद खूर तासायला येणार आहेत. नाल नकोच. त्यांना फोनवर सांगून ठेवलं, पाय ती शांत असतानाच सोडायचा, आणि एका फेरीत चारही खूर झाले नाहीत तर उरलेल्यासाठी पुन्हा यायचं, त्या फेरीचे पैसे वेगळे देईन. ते बरं म्हणाले.