गुआम: समुद्राआधी माडांचे शेंडे बघा

गुआम हे पॅसिफिक महासागरातलं अमेरिकेचं बेट. तिथल्या टुमॉनच्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा माझी नजर पाण्याआधी माडांवर गेली. एकामागून एक झावळ्या कात्रीने तिरक्या छाटल्यासारख्या, त्रिकोणी खाचांच्या. आमची गुहागरकडे माडांची बाग आहे, त्यामुळे ही खूण लहानपणापासून ओळखीची. गेंड्या भुंगा! मिटलेला कोंब तो पोखरतो आणि पान उलगडलं की घाव दोन्ही बाजूंना दिसतो.

हा भुंगा आपल्याकडचाच, दक्षिण आशियातला. गुआममध्ये तो 2007 साली याच टुमॉनमध्ये पहिल्यांदा सापडला. मे 2015 च्या डॉल्फिन वादळाने माड आडवे केले आणि कुजत्या खोडांत अळ्या माजल्या. इतर बेटांवर ज्या विषाणूने त्याला आवर घातला, तो इथल्या भुंग्यावर चालत नाही. घरी आम्ही तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढतो. पण त्यासाठी रोज माडाखाली उभं राहणारं माणूस लागतं, आणि इथे बागेवर पोट असलेली घरं फारशी उरलेली नाहीत. मला खरं दुःख त्याचं झालं.

महायुद्धाआधी खोबरं हा या बेटाचा मुख्य निर्यातमाल होता. 1944 नंतर शेतजमिनींवर लष्करी तळ उभे राहिले. आजही चौथ्या हिश्श्याहून जास्त जमीन लष्कराकडे आहे. युद्धात उजाड झालेल्या जमिनीची धूप थांबावी म्हणून विमानातून बी फेकलं गेलं. इथले मूळ रहिवासी चामोरो लोक त्या झाडाला तांगनतांगन म्हणतात. जवळ जाऊन शेंग हातात घेतली, तर आपली सुबाभूळ! उत्तरेच्या चुनखडीच्या पठारावर मैलोन्‌मैल तीच.

दक्षिणेला जायला एक अख्खा दिवस ठेवा. गाडी भाड्याने घ्याच, बसच्या भरवशावर राहू नका. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते. इनाराहानहून मेरिझो, उमाटाक करत सेट्टीच्या उपसागरावरच्या थांब्यावर या. इथली माती लाल, डोंगर गवताचे. कोकणच्या माणसाला कातळसडा आठवेल. घरामागच्या परसात माड, केळी, विलायती फणस दिसतील. आत शिरण्याआधी हाक मारून विचारा.

बुधवारी संध्याकाळी राजधानी हगात्न्याच्या चामोरो व्हिलेजमध्ये बाजार भरतो. तिथे केलागुएन खा: लिंबू, मिरची, ओलं खोबरं घातलेली कोंबडी. खोबरं असं सढळ हाताने घातलेलं पाहून जीव सुखावला.

जानेवारी ते मे कोरडा काळ, तेव्हाच जा. जुलै ते नोव्हेंबर पावसाचे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो. भारतातून थेट विमान नाही, मनिला किंवा टोकियोमार्गे जावं लागतं.

रोप, कंपोस्ट, ओली झावळी काहीही सोबत आणू नका. परसातून फिरलेल्या बुटांची माती तिथेच ब्रशने घासून काढा. हवाईला 2013 मध्ये आणि शेजारच्या रोटा बेटाला 2017 मध्ये हाच भुंगा पोचला आहे.