तादामी लाइन: दिवसाच्या तीन गाड्यांच्या भरवशावर

जपानच्या टुरिस्ट व्हिसासाठी एक तक्ता भरून द्यावा लागतो. कुठल्या तारखेला कुठे असणार, रात्रीचा मुक्काम कुठे. तोक्योचे दिवस मी पाच मिनिटांत भरले. पेन अडलं ते तादामी लाइनपाशी.

फुकुशिमा प्रांतातल्या आइझु-वाकामात्सुहून डोंगर ओलांडून निइगाता प्रांतातल्या कोइदेपर्यंत जाणारी ही १३५.२ किलोमीटरची एकेरी लाइन. डिझेलवर चालणारी, एकदोन डब्यांची गाडी. वाटेत तादामी नदी पुन्हा पुन्हा ओलांडते. कोइदेपर्यंत थेट जाणाऱ्या गाड्या दिवसाला तीन: पहाटे सहाच्या सुमारास, दुपारी एकच्या आसपास आणि संध्याकाळी पाचला. बाकीच्या अलीकडेच थांबतात. सकाळची चुकली तर सात तास थांबायचं, तेही जानेवारीतल्या बर्फात.

माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यात. रात्री येऊन थांबणारी मुक्कामाची एसटी आणि पहाटे तीच परत जाणारी, या दोन वेळांवर अख्ख्या गावाचं घड्याळ चालायचं. दवाखाना, बाजार, लग्नाची खरेदी, सगळं त्या गाडीच्या हिशेबाने. तादामी लाइनचं वेळापत्रक समोर ठेवलं तेव्हा आजीची तीच पद्धत आठवली: आधी परतीची गाडी बघायची, मग घरातून काय काय करायला निघायचं ते ठरवायचं. ग्रामीण जपानचा हिवाळा असाच उलट्या बाजूने आखावा लागतो. बघायच्या जागांची यादी करून त्यात गाड्या बसवायला गेलात तर काही जमणार नाही.

माझा पहिला बेत चुकीचा होता. तोक्योहून सकाळी शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, कोरियामा, तिथून बानएत्सु पश्चिम लाइनने तासाभरात आइझु-वाकामात्सु आणि दुपारची एकची गाडी. कागदावर एकदम झकास. पण पूर्ण प्रवास साडेचार तासांचा आणि त्या दिवसांत साडेचार-पाचला अंधार. म्हणजे तादामी गावापुढचा सगळा डोंगर काळोखात जाणार. ज्यासाठी एवढ्या लांब जायचं तेच दिसणार नाही! मग मी मुक्काम हलवला. दुपारच्या गाडीने तासाभरावरच्या आइझु-यानाइझुला उतरायचं, रात्र तिथे काढायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातनंतर तिथे येणारी पहिली गाडी पकडायची. सूर्य नुकताच उगवलेला असतो आणि कोइदेपर्यंत पूर्ण उजेड मिळतो. या एका बदलाने सगळी सहल बदलली.

तिकिटांचं थोडक्यात सांगते. परदेशी पर्यटकांना जपानभरच्या जेआर रेल्वेसाठी मिळणारा सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३मध्ये ५०,००० येन झाला. तोक्यो-आइझु-कोइदे-तोक्यो एवढ्यासाठी सुटी तिकिटं त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत होतात. साध्या गाड्यांचं सेइशुन १८ तिकीट पूर्वी पाच वेगवेगळ्या दिवशी वापरता यायचं. २०२४च्या हिवाळ्यापासून ते सलग तीन किंवा सलग पाच दिवसांचं झालंय, म्हणून मधे थांबत जाणाऱ्याला तितकंसं सोयीचं राहिलं नाही. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी टाळा, त्या दिवसांत गावातल्या बस आणि दुकानांचा भरवसा नसतो. फेब्रुवारीत तादामीचा बर्फाचा उत्सव असतो, तेव्हा खोल्या मिळणं कठीण. मी जानेवारीचा शेवट धरला. आणि एक दिवस पूर्ण रिकामा ठेवला, कुठलंही बुकिंग न करता. त्याबद्दल पुढे सांगते.

मोठी बॅग तोक्योच्या हॉटेलातूनच कुरिअरने कोइदेनंतरच्या, निइगातातल्या एचिगो-युझावाच्या मुक्कामी पाठवून दिली. ही सोय जपानभर आहे आणि बर्फात एकट्या माणसाला तिच्याइतका आधार कशाचाच नाही. पाठीवर फक्त सॅक.

यानाइझुची सराई नदीकाठी होती. मी शाकाहारी, त्यामुळे महिनाभर आधी जपानीत लिहून कळवलं होतं: मांस नको, मासे नकोत, सुक्या माशाचं दाशीही (जपानी स्वयंपाकातलं मूळ सार) नको, कोम्बू या समुद्री शेवाळाचं चालेल. हे आधी सांगितलंच पाहिजे, कारण वरवर साध्या दिसणाऱ्या भाजीतही दाशी असतं. आइझुचं प्रसिद्ध कोझुयु सूप गाजर-मशरूमचं दिसतं, पण त्याचा रस्सा सुक्या शिंपल्यांचा. सराईच्या मालकीणबाईंनी सहाच्या ठोक्याला ताट आणलं: भात, लोणची, तोफू, डोंगरातल्या रानभाज्या. मी पिशवीतून मेतकूट काढलं. गरम भातावर चमचाभर मेतकूट पडलं आणि त्याचा वास खोलीभर पसरला. बाईंनी वाकून वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून मान डोलावली. भाषा नव्हती, तरी आमचं बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच हातांची फुली करून दाखवली. रात्रभर बर्फ पडला होता, सकाळची गाडी रद्द. यासाठीच तो रिकामा दिवस! युझावाच्या मुक्कामी फोन करून तारीख पुढे ढकलली आणि यानाइझुतच राहिले.

त्या दिवसाचं मला मनापासून अप्रूप आहे. नदीवरच्या कड्यावर एन्झोजी हे जुनं मंदिर आहे. ते पुन्हा उभारताना जड लाकडं ओढून थकलेल्या माणसांच्या मदतीला लाल गाई आल्या, अशी आख्यायिका. त्यावरूनच आकाबेको, म्हणजे कागदाच्या लगद्याची लाल गाय, आइझुचं खेळणं झाली. डोक्याला बोट लावलं की आपल्या नंदीबैलासारखी गुबुगुबु मान हलवते. मंदिराखालच्या रस्त्यावर आवामांजू मिळतात: वरून पिवळं चिकट धान्य, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण. दुकानदाराने थेट वाफेच्या पेटीतून दिला. हातमोजा काढून तो तळहातावर धरला तेव्हा बोटांत जीव आला. शाकाहारी माणसाने तर चुकवूच नये.

तिसऱ्या दिवशी गाडी आली. बटण दाबून दार उघडायचं, आत शिरताच यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची, उतरताना पुढे ड्रायव्हरजवळच्या पेटीत चिठ्ठी आणि पैसे टाकायचे. म्हणून हजारच्या नोटा आणि नाणी जवळ हवीतच, मधल्या स्टेशनांवर कार्ड चालत नाही.

मग आइझु-निशिकाताच्या अलीकडे पहिला पूल आला. काचेवरची वाफ पुसली. खाली हिरवंगार, अजिबात न हलणारं पाणी आणि त्यात दोन्ही काठांची पांढरी झाडं उलटी. गाडी पुलावर मुद्दाम सावकाश चालली होती. डब्यात आम्ही सहा जण, कुणी काही बोललं नाही.

जुलै २०११च्या अतिवृष्टीत या नदीने लाइनचे पूल वाहून नेले. आइझु-कावागुची ते तादामी हा २७.६ किलोमीटरचा तुकडा अकरा वर्षं बंद होता, लोक बसने जायचे. तोट्यातली लाइन, माणसं कमी होत चाललेली गावं. कायमची बंद करणं सोपं होतं. पण फुकुशिमा प्रांताने त्या तुकड्याचे रूळ आणि पूल स्वतःकडे घेतले, गाड्या जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने चालवायच्या असं ठरलं, आणि १ ऑक्टोबर २०२२ला गाडी पुन्हा सुरू झाली. त्याआधी, राष्ट्रीय रेल्वेच्या काळातही, ही लाइन बंद होता होता वाचली होती. कारण तादामीपलीकडच्या घाटातला २५२ क्रमांकाचा रस्ता हिवाळाभर बर्फामुळे बंद असतो. तो आजही असतो. घाटाखालच्या सहा किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरलो तेव्हा हे डोक्यात होतं: आत्ता या डोंगरातून पलीकडे जायला ही एवढी एकच वाट उघडी आहे.

बोगद्याच्या बऱ्याच आधी, कानेयामा गावाच्या आसपास, एक आजोबा छपरावर चढून फावड्याने बर्फ ओढत होते. गाडी दिसताच त्यांनी फावडं बर्फात रोवलं आणि दोन्ही हात वर करून हलवले. इथल्या गावांत गाडीला हात करायचा शिरस्ता आहे, हे मी वाचलं होतं. समोरच्या सीटवरच्या आजीबाईंनीही हात हलवला आणि माझ्याकडे बघितलं. मीही हलवला, आजोबा दिसेनासे होईपर्यंत.

कोइदेला उतरले तेव्हा पावणेअकरा वाजले होते. निइगातात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मधोमध बसवलेल्या पाइपांतून भूजल फवारतात, त्यामुळे सगळीकडे घोट्याएवढं बर्फाळ पाणी. साधे बूट घालून इथे येऊ नका, रबरी बूट घ्या. युझावाच्या गाडीला वेळ होता, आणि मी फलाटावरच्या छापील वेळापत्रकात पुढच्या वेळी तादामीला उतरून राहायचं तर कुठली गाडी, ते शोधत उभी राहिले.