हात आधी पुसा, मग धुवा

डायक्लोफिनॅक हे दुखण्या-सुजेवरचं औषध म्हटलं की जरा वाचणाऱ्या कुणालाही गिधाडं आठवतात. गुराला दुखलं की डायक्लोचं इंजेक्शन, ते जनावर मेलं की गिधाडं त्यावर उतरायची, मग त्यांची किडनी बंद पडायची आणि युरिक ॲसिडचा पांढरा थर आतल्या अवयवांवर जमून पक्षी मरायचा. २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून हे कारण पक्कं कळलं, २००६ मध्ये आपल्याकडे गुरांसाठीच्या डायक्लोवर बंदी आली, पण १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली, म्हणजे हजारात एक उरलं. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या व्हायल गुरांना टोचल्या जातायत हे लक्षात आलं म्हणून २०१५ मध्ये त्या बंद करून इंजेक्शन एका डोसच्याच पॅकमध्ये आलं, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही दुखण्यावरचीच दुसरी औषधं पण जनावरांसाठी बंद केली, कारण ॲसिक्लो गुराच्या शरीरात गेलं की त्याचं शेवटी डायक्लोच होतं.

हे सगळं झालं गुरांचं. मी सातारा जिल्ह्यात मेडिकल चालवतो आणि मला रोज दिसतं ते दुसरंच डायक्लो, माणसांचं. गुडघा, कंबर, मान, दाढ, मुरगळलेला पाय, सगळ्याला डायक्लो-पॅरा (पॅरा म्हणजे पॅरासिटामॉल) नाहीतर ॲसिक्लो-पॅरा-सेरा (सेरा म्हणजे सेरॅशिओपेप्टिडेज) अशी एकत्र गोळी, आणि सोबत एक जेलची ट्यूब. या औषधाला बंदी नाही आणि नसावीच, संधिवाताच्या माणसाला ते किती आराम देतं हे मी रोज बघतो. पण ते जातं कुठे हा प्रश्न गिधाडांच्या गोष्टीत कुणी विचारत नाही, आणि त्याचं उत्तर नदीत जातं असं आहे.

कसं जातं ते सांगतो. गोळी घेतली की लिव्हर त्या औषधाचं रूप बदलतं, काही भागाला साखरेसारखा एक तुकडा जोडून ते लघवीतून आणि पित्तातून बाहेर टाकायची सोय करतं. हे जोडलेले तुकडे ड्रेनेजमध्ये पोचले की तिथले बॅक्टेरिया ते परत तोडतात आणि मूळ डायक्लो मोकळं होतं. त्याच्या रेणूत एका कड्यावर क्लोरिनचे दोन अणू आहेत, त्यामुळे बॅक्टेरियांना ते पचवणं जड जातं, आणि साध्या पाण्यात ते विरघळलेलंच राहतं, गाळाला फारसं चिकटत नाही. एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं, सगळं काम या दोनच गोष्टींवर चालतं, बॅक्टेरियांनी खायचं नाहीतर गाळात बसवायचं. डायक्लो दोन्हीतून निसटतं. म्हणून साध्या एसटीपीत त्यातलं बरंचसं तसंच पुढे जातं.

हे पहिल्यांदा नीट मोजलं ते जर्मनीत. १९९८ मध्ये तिथल्या टर्नेस नावाच्या शास्त्रज्ञाने एसटीपी आणि नद्यांमधली औषधं मोजून छापली, त्यात नदीच्या पाण्यात डायक्लो लिटरला १.२ मायक्रोग्रॅमपर्यंत सापडलं (मिलिग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोग्रॅम). आकडा ऐकायला काहीच वाटत नाही, आणि माणसाच्या दृष्टीने खरंच काही नाही, असं पाणी रोज दोन लिटर प्यायलात तरी ५० मिलिग्रॅमच्या एका गोळीइतकं औषध पोटात जायला साधारण सत्तावन्न वर्षं लागतील. माशाला मात्र त्या पाण्यातून बाहेर यायची सोय नाही, त्याच्या कल्ल्यांवरून ते दिवसरात्र वाहतं. २००४ मध्ये, म्हणजे गिधाडांचं कारण कळलं त्याच वर्षी, जर्मनीतल्याच संशोधकांनी रेनबो ट्राउट मासे २८ दिवस डायक्लोच्या पाण्यात ठेवले, तर लिटरला ५ मायक्रोग्रॅमपासून किडनी आणि कल्ले खराब झालेले दिसले. परत किडनीच. २०१७ मध्ये स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशातही साधारण तेवढ्याच प्रमाणात किडनीत बदल दिसले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१३ मध्ये एक अभ्यास आला, त्यात औषध कंपनीची माणसं होती, आणि त्यांना ३२० मायक्रोग्रॅमपर्यंत माशांवर काही परिणाम दिसला नाही. फरक साधा नाही, साठपटींहून जास्त आहे. मी दोन्ही बाजू जमेल तेवढ्या वाचल्या आणि माझं मत असं झालं की वाढ किती झाली, किती मासे मेले एवढंच बघितलं तर काही दिसत नाही, पण किडनीचा काप मायक्रोस्कोपखाली धरला की दिसतं. गिधाडं निदान झाडावरून खाली पडून मेली म्हणून लोकांनी विचारलं तरी. किडनी थोडी कमजोर झालेला मासा नदीच्या तळाशी कमी अंडी घालेल, लवकर मरेल, ते कुणाला कळणार? म्हणून मी सावध बाजूला आहे. युरोपातली सरकारं पण त्याच बाजूला गेली: २०१५ मध्ये युरोपियन युनियनने डायक्लो नजर ठेवायच्या यादीत घातलं, २०२० पासून स्वित्झर्लंडने नद्यांसाठी लिटरला ०.०५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा कायद्यात लिहिली आणि २०२२ मध्ये युरोपियन कमिशनने ०.०४ सुचवली.

ही ०.०४ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वित्झर्लंडचं मला विशेष कौतुक वाटतं. त्यांनी २०१४ मध्ये झुरिकजवळ ड्युबेनडॉर्फला एसटीपीच्या शेवटी ओझोनची एक पायरी जोडली, ओझोन डायक्लोला चटकन तोडतो, आणि मग २०१६ पासून कायदाच केला की २०४० पर्यंत शंभरेक एसटीपींना अशी पायरी बसवायची, पैशासाठी माणशी वर्षाला ९ फ्रँक घ्यायचे. बसवलेली पायरी काम करते का हे तपासायला जी १२ रसायनं मोजतात त्यात डायक्लो आहे. युरोपियन युनियनने २०२४ च्या नव्या कायद्यात याच्या पुढे जाऊन म्हटलं की नेहमीच्या तीन पायऱ्यांनंतरच्या या चौथ्या पायरीचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि कॉस्मेटिक कंपन्यांनी द्यायचा. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आहेत. मला तरी कायदा रास्त वाटतो, ज्याने माल विकून पैसे कमवले त्याने पाणी साफ करायला हात लावावा.

पण आपल्याकडे चौथ्या पायरीची गोष्ट करायची तर आधी पहिल्या तीन कुठे आहेत? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा अहवाल सांगतो की देशाच्या शहरांमध्ये रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातलं प्रत्यक्ष शुद्ध होतं २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभरातलं अठ्ठावीस. बाकीचं ओढ्यातून थेट. पुण्याच्या मुठेकाठी उभं राहून हे आकडे वेगळे सांगावे लागत नाहीत.

ऊन आपल्याकडे भरपूर आहे आणि डायक्लो उन्हाने तुटतं हे खरं आहे, झुरिकजवळच्याच ग्राइफेनझे तळ्यात येणाऱ्या डायक्लोपैकी ९० टक्क्यांहून जास्त उन्हानेच नाहीसं होतं हे १९९८ मध्येच दाखवलंय. पण ते तळं, त्यात पाणी बरेच दिवस थांबतं आणि ऊन आत शिरतं. आपल्या नद्या पावसाळ्यात चहासारख्या गढूळ आणि उन्हाळ्यात पवना-इंद्रायणीवर जलपर्णीची चादर, ऊन पाण्याला लागणार कसं. शिवाय उन्हाने तुटून जे तुकडे होतात त्यातले काही शेवाळाला मूळ औषधापेक्षा जास्त त्रास देतात असंही दिसलंय. त्यामुळे उन्हाच्या भरवशावर सोडून देण्यासारखं नाही.

मग उरतं काय, तर जिथून निघतं तिथेच अडवणं. आणि इथे मला जेलबद्दल बोलायचंय, कारण गोळीचं शरीरात निदान काहीतरी होतं, जेलचं तसं नाही. जेल लावलं की त्यातलं साधारण ६ टक्के औषध कातडीतून आत जातं. सहा. बाकीचं कातडीवर, पायजम्यावर, चादरीवर आणि ज्या हाताने चोळलं त्या हातावर. मग तो हात आपण लगेच बेसिनखाली धरतो, कारण वास येतो आणि डोळ्याला लागेल अशी भीती असते. म्हणजे शरीरात न जाता, लिव्हरने हातही न लावता, चांगलं शुद्ध डायक्लो नळाच्या पाण्याबरोबर सरळ गटारात.

आता ती ०.०४ घ्या आणि हिशोब करा. आपल्याकडच्या नेहमीच्या जेलमध्ये, ज्यात लिनसीड ऑइल, मेंथॉल वगैरे पण असतं, एका ग्रॅममध्ये साधारण १० मिलिग्रॅम डायक्लो धरा. एक ग्रॅम म्हणजे बोटाच्या टोकाच्या साधारण दोन पेरांएवढं. १० मिलिग्रॅमला ०.०४ मायक्रोग्रॅमने भागलं की येतात अडीच लाख लिटर. दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर. एवढं पाणी त्या सुचवलेल्या मर्यादेपर्यंत न्यायला हातावरून धुतलेलं एक ग्रॅम जेल पुरतं, आणि अख्खी ३० ग्रॅमची ट्यूब म्हणजे पंच्याहत्तर लाख लिटर. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा शून्यं परत परत मोजली, कुठेतरी चुकतंय असं वाटलं, पण चुकत नव्हतं.

म्हणून मी गिऱ्हाइकाला ट्यूब देताना सांगायला लागलोय की लावून झालं की हात आधी कागदाने किंवा जुन्या कापडाने पुसा, तो कागद कचऱ्यात टाका, मग हात धुवा. आणि जेल लावून लगेच अंघोळ नको, अंघोळ करून मग जेल लावा, औषधालाही आत जायला वेळ मिळतो, तुमचेही पैसे वाया जात नाहीत. हे माझ्या डोक्यातलं नाही, जर्मनीत जेलच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. आपल्या पत्रकांवर का छापत नाहीत? एक ओळ आहे, शाई सोडून खर्च नाही.

हे सगळं लिहायला आत्ता बसलो त्याचं खरं कारण पालखी. माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, पादुकांना नीरेत स्नान होतं, पुढे लोणंदला मुक्काम, आणि वाटेवर ठिकठिकाणी आम्ही मेडिकलवाले, डॉक्टर, कॉलेजची पोरं टेबल टाकून बसतो. माउली पाय पुढे करतात, कुणी आजी, कुणी बाबा, आणि त्या पायांना हात लावायला मिळतो हे भाग्य आहे, त्याबद्दल दुसरं काही बोलायचं नाही. पण त्या टेबलांवर जेल किती लागतं ते मी पाहिलंय, खोकीच्या खोकी. चोळणारा दिवसभर बादलीत हात बुडवतो, ज्याला चोळलं तो माणूस सकाळी नदीवर अंघोळ करतो, आणि पुढे चंद्रभागा आहेच, जिथे सगळ्यांनाच स्नान करायचंय. नदीला आई म्हणून तिच्यात उतरणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो ऐकणार नाही असं मला अजिबात वाटत नाही, उलट तोच सगळ्यात आधी ऐकेल. आजपर्यंत कुणी सांगितलं नाही एवढंच.

करायचं काय तर फार नाही. नुसता चालून थकलेला पाय असेल तर त्याला डायक्लोची गरज नसते, तिळाचं नाहीतर खोबरेल तेल लावून नीट मालिश आणि कोमट मीठपाणी यानेच निम्मी माणसं उठून चालायला लागतात. जेल फक्त जिथे सूज आहे, मुरगळलंय तिथे, आणि चोळणाऱ्याजवळ कापडाची चिंधी, हात पुसायला. गोळीचं तर अजूनच जपून, साठी उलटलेला माणूस, बीपीची गोळी चालू, दिवसभर चालून घाम गेलेला, पाणी कमी प्यायलेला, अशाला डायक्लो दिलं तर त्याच्या स्वतःच्या किडनीवर ताण येऊ शकतो. गिधाडाची किडनी, माशाची किडनी आणि बाबांची पण किडनीच.

उरलेल्या गोळ्यांचं लोक विचारतात. कमोडमध्ये टाकू नका. औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये जी १७ औषधांची फ्लश करायची यादी दिलीय ती फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडोल अशा, चुकून कुणी घेतली तर जीव जाईल अशा औषधांची आहे, त्यात डायक्लो नाही. केरळने उरलेली औषधं परत गोळा करायचा कार्यक्रम सुरू केलाय, तसा आपल्याकडे मेडिकल असोसिएशनमार्फत सहज होऊ शकतो, प्रत्येक दुकानात एक डबा ठेवायचा प्रश्न आहे. पुसलेला कागद कचऱ्यात गेला तर तिथून झिरपणार नाही का, असंही एकाने विचारलं, प्रश्न बरोबर आहे, काही झिरपेल, पण आज बेसिनमधून जातं त्यापेक्षा ते खूप कमी आणि खूप हळू.

एक मनापासून विनंती. पालखीच्या आधी, पालखी असताना आणि नंतर नीरेचं पाणी घेऊन त्यात डायक्लो किती आहे हे मोजलं पाहिजे. त्याला एलसी-एमएस मशीन, म्हणजे पाण्यातलं अगदी थोडं औषधही ओळखून मोजणारं मशीन, लागतं, ते विद्यापीठांच्या आणि मोठ्या लॅबमध्ये असतं, माझ्यासारख्याला परवडणारं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी फार्मसी किंवा एन्व्हायर्नमेंटच्या डिपार्टमेंटमध्ये असेल, गाईडला विषय हवा असेल, तर कळवा. उन्हाने औषध तुटतं म्हणून नमुने तपकिरी काचेच्या बाटलीत भरून, बर्फात ठेवून लवकर पोचवावे लागतात. बाटल्या, बर्फ आणि नदीवर जाणं माझ्याकडे.