खोली नंबर सात

नागपूरच्या गणेशपेठेत एसटी स्टँडजवळच्या एका लॉजवर मी मॅनेजर होतो. २४ मार्च २०२० ला रात्री आठला लॉकडाऊन जाहीर झाला, तेव्हा एकच खोली भरलेली होती. सात नंबर. मध्य प्रदेशातल्या सौंसरचे काका आणि काकू, काकांच्या रेडिएशनला आलेले. तेरा शेक, म्हणजे रेडिएशनच्या खेपा, बाकी. सौंसर म्हणजे दोन तासांचीही वाट नाही, पण मध्ये राज्याची सीमा. रेल्वे, एसटी सगळंच बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतले चौघे काउंटरशी. "बाहेरगावचे लोक काऊन ठेवून राहिले भाऊ? काढा त्यांना." मालकाचा फोन आला, "हिशेब कर अन् मोकळं कर." गल्लीतल्यांनी पोलिसांनाही कळवलं होतंच.

गृहमंत्रालयाचा आदेश माझ्या मोबाइलवर आला होता. हॉटेलं बंद, पण लॉकडाऊनमुळे अडकलेल्यांना ठेवणाऱ्या लॉजला सूट. हवालदारसाहेबांनी चष्मा वर सरकवून दोनदा वाचलं. मग रजिस्टर मागितलं. बोट एकेका ओळीवरून खाली नेत ५ मार्चवर थांबले. "म्हणजे अडकलेलेच. राहू द्या. मागच्या आठवड्यात नवीन कोणी घेतलं?"

"नाही साहेब."

खरंच होतं. २१ च्या रात्री एक पोरगा आला होता. डावा हात बाहीत ओढून पेन धरत होता, तेव्हाच समजलो. मनगटामागे होम क्वारंटाइनचा शिक्का, निवडणुकीच्या शाईचा. गाडीतून उतरवला म्हणाला. खोली नाही म्हणून सांगितलं. अकरा खोल्या रिकाम्या होत्या. नियमाने मी बरोबर होतो. त्याने घरीच असायला हवं होतं. पण घरी जायचं कसं, हे त्यालाही माहीत नव्हतं अन् मी विचारलंही नाही. स्टँडकडे चालत गेला. रजिस्टरात त्याची ओळच नाही, त्यामुळे साहेबांचं बोट तिथून सरळ पुढे गेलं.

(मालक पुढे आदेश वाचायला शिकला. २९ मार्चचा भाडं न मागण्याचा आदेश मजुरांच्या घरमालकांसाठी आहे, लॉजसाठी नाही, हे त्यानेच मला दाखवलं. तेही बरोबरच होतं.)

पोलिस गेल्यावर सांगायला वर गेलो. दार उघडंच. खालचं सगळं ऐकू आलं असावं. पिशव्या बांधलेल्या, चादरीची घडी घातलेली. मानेवरच्या रेडिएशनच्या निळ्या खुणांना कॉलर लागू नये म्हणून काकांनी वरची दोन बटणं उघडी ठेवलेली, पायात चपला.

"किती वाजता निघाचं, भाऊ?"

मी काकूंच्या हातची पिशवी घेऊन परत पलंगाखाली सरकवली आणि विचारलं, भाताची पेज चालेल का?