आर्थर्स पास: किआ बघायला म्हणून ॲव्हलांश पीक चढू नका

किआ या न्यूझीलंडच्या डोंगरी पोपटासाठी आर्थर्स पासच्या ॲव्हलांश पीकवर जाणार असाल तर बेत रद्द करा. शिखरासाठीच जायचं असेल तर जरूर जा. मुक्कामाच्या ठिकाणी "चार तासांत जाऊन याल, वर पोपट हमखास" असं सांगितलं गेलं, दोन्ही चुकीचं. सहा ते आठ तास धरा, आणि पोपट दिसला तर दिसला.

क्राइस्टचर्चहून गाडीने दोन तास, रस्ता उत्तम. आर्थर्स पास गाव साधारण ७४० मीटरवर आणि शिखर १,८३३ वर, म्हणजे जवळपास ११०० मीटरचा चढ. ॲव्हलांश पीक ट्रॅकने चढा, स्कॉट्स ट्रॅकने उतरा. उलट केलंत तर खड्या उतारावर गुडघ्यांचे हाल होतील. वाटेत पाणी नाही. माणशी किमान दोन लिटर घ्या.

खरी परीक्षा शेवटच्या धारेवर. धार अरुंद, पायाखाली घसारा, दोन्ही बाजूंना उतार आणि वारा असा की तोल जावा. सह्याद्रीत घसाऱ्याची सवय असलेल्यांनीही इथे घाई करू नये. ढग उतरले तर खुणेचा पुढचा खांब दिसेपर्यंत हलायचं नाही. 'खाली दरीतून निघू' हा विचार तर नकोच, खाली कडे आहेत. वाऱ्याचा अंदाज वाईट असेल तर निघूच नका.

किआ बघायला गावाच्या पुढे, खिंडीपलीकडचा ओटिरा व्हायाडक्टचा (दरीवरच्या उंच पुलाचा) थांबा बरा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. पक्षी थेट बॉनेटवर उतरतो, वाकड्या लांब चोचीने काचेभोवतीचं रबर उचकटतो, पंख उघडला की आतला नारिंगी रंग दिसतो. डोळ्यांभोवती पिवळी कडा असेल तर ते पिल्लू, आणि सगळ्यात उपद्व्यापी तेच. सॅकची चेनही त्याला उघडता येते. भाड्याच्या गाडीच्या विम्यात हे नुकसान येतं का, ते आधी विचारून घ्या.

याच थांब्यावर लोक चिप्स टाकतात, ते बघून संताप येतो. खाण्याच्या आशेने पक्षी रस्त्यावर रेंगाळतात आणि चाकाखाली जातात. चॉकलेट तर त्यांना विषच. मेंढ्यांना टोचतो म्हणून १९७१ पर्यंत सरकार किआ मारायला बक्षीस देत होतं. दीड लाखाच्या आसपास मारले गेले. पूर्ण संरक्षण मिळालं ते १९८६ मध्ये. आता उरलेत तीन ते सात हजार. घरटं जमिनीवर, खडकाखाली किंवा मुळांच्या पोकळीत. मुंगसाच्या अंगलटीचा स्टोट आत शिरून अंडी, पिल्लं आणि वर बसलेली मादीही मारतो. जुन्या छपरांच्या खिळ्यांतलं शिसं गोडसर लागतं, तेही किआ चघळतात आणि त्याची विषबाधा होते. स्टोट आणि उंदीर मारायला हेलिकॉप्टरने '१०८०' नावाचं विष टाकतात. त्यात काही किआही दगावतात, पण जास्त घरटी वाचतात. विषावर चिडणाऱ्यांनी हा हिशेब बघावा.

निघताना गाडीखाली वाकून बघा, मगच सुरू करा. किआच्या पायात ओळखीसाठी घातलेलं रंगीत कडं दिसलं तर पायाचा फोटो काढा. कड्याचा रंग, त्यावरचं अक्षर, अक्षराचा रंग, जागा आणि वेळ हे सगळं किआ डेटाबेस या वेबसाइटवर नोंदवा. एक जरी राहिलं तर तो पक्षी नेमका कोण, ते कळत नाही.