तुम्ही विचारलंत म्हणून : मेतकुटाची बाटली

दसरा झाला की कोणी ना कोणी विचारतंच. कधी शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आया, कधी वरच्या मजल्यावरची नवी सून. "ताई, दिवाळीला तुम्ही एवढ्या घरी हातानं केलेलं देता. परवडतं कसं? आणि नेमकं करायचं तरी काय?" जिन्यात उभं राहून याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

हे सुरू झालं २०२०मध्ये. एप्रिलपासून घरात निम्मा पगार येत होता आणि माझ्या शिकवण्या बंद होत्या. एरवी आम्ही दिवाळीला काजूकतलीचे डबे द्यायचो. त्या वर्षी भेटींसाठी सातशे रुपये बाजूला निघाले आणि यादीत घरं होती चौदा. यादी कमी करावी असं मनात आलं, पण कोणाचं नाव खोडणार? याच लोकांनी टाळेबंदीत आमच्या दाराशी दूध ठेवलं होतं, सासूबाईंची औषधं आणून दिली होती. डोंबिवलीत, दोन खोल्यांच्या घरात राहून माणसांचा जो आधार मिळतो, तो त्या वर्षी मला पहिल्यांदा नीट कळला. त्यांना काहीच न देणं मला जमणार नव्हतं.

त्या वर्षी अधिक आश्विन होता, त्यामुळे लक्ष्मीपूजन थेट १४ नोव्हेंबरला आलं. विचार करायला एक महिना जास्त मिळाला.

आधी वाटलं, फराळच द्यावा. मग प्रत्येक घर डोळ्यांसमोर आणलं. पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत प्रत्येक ओट्यावर पाच घरच्या चकल्या आणि चार घरचे लाडू आलेले असतात. भाऊबीज झाली की कोणाला तळणाचा वासही नको होतो. आमच्याकडे त्या रात्री मऊ भात, तूप, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं एवढंच पान असतं, आणि सगळे पोटभर जेवतात. मग माझ्या लक्षात आलं की दिवाळीला द्यायची वस्तू दिवाळीतच उपयोगी पडायला हवी असं कुठे आहे? ती संपल्यावर लागेल ते द्यावं.

तेव्हापासून मी मेतकूट देते. माझं प्रमाण असं: एक किलो हरभऱ्याची डाळ, अर्धा किलो उडदाची डाळ, पाव किलो तांदूळ, पाव किलो गहू, शंभर ग्रॅम धने, पन्नास ग्रॅम जिरे, दोन चमचे मेथ्या, दोन चमचे मोहरी, चमचाभर मिरी, दोन हळकुंडं, सुंठेचा एक मोठा तुकडा आणि हिंग. डाळी धुवायच्या नाहीत, कोरड्या पंच्यानं पुसून घ्यायच्या. प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा, कारण डाळीला लागतो तेवढा वेळ जिऱ्याला दिला तर जिरं जळतं. तांदूळ फुलायला हवेत, गहू तडतडायला हवेत. मेथ्यांपासून मात्र हलू नका. त्या जराशा लाल झाल्या की उतरवायच्या, करपल्या तर दोन किलो मेतकूट कडू होतं. हळकुंडं आणि सुंठ आधी खलबत्त्यात ठेचून घ्यायची.

गिरणीत देताना "हरभऱ्याच्या डाळीवर दळा" हे सांगायला विसरू नका. मिरची किंवा मसाला दळून झाल्यावर लगेच दिलंत तर त्याचाच वास लागतो. दळून आणलेलं पीठ वर्तमानपत्रावर पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. कोमट भरलं तर झाकणाला आतून पाणी सुटतं.

भाजताना थोडं घटतं, तरी चौदा घरांना साधारण दीडशे-दीडशे ग्रॅम होतं. दळणासकट माझे तेव्हा तीनशे रुपयांच्या आत भागले होते.

बाटल्या विकत आणू नका, हे मी सगळ्यांना अगदी कळकळीनं सांगते. रंगीत खोके, रिबिनी, साचे, सुकी फुलं असं आणत गेलं की घरच्या भेटीला मिठाईपेक्षा जास्त खर्च होतो, आणि ज्याच्यासाठी हे केलं ते बाजूलाच राहतं. मी वर्षभर कॉफीच्या आणि जॅमच्या बाटल्या साठवते. गरम पाण्यात तासभर ठेवल्या की लेबल सुटतं, राहिलेला चिकटा खोबरेल तेल आणि खायचा सोडा चोळला की निघतो. मग ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण दिवस, झाकणं वेगळी करून. झाकणावर बांधायला शिंपीदादांकडून ब्लाउजपिसांच्या चिंध्या मिळतात. बाटलीसोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी असते: कधी दळलं, कशाशी खायचं, आणि "चमचा कोरडा वापरा".

वाळवण्याबद्दल मी एवढं बोलते त्याला कारण आहे. दुसऱ्या वर्षी मी उटणंही केलं होतं. मसूर डाळीचं पीठ, आंबेहळद, कापूरकाचरी, नागरमोथा, वाळा, आणि घरी वाळवलेली संत्र्याची साल. साल हाताला कडक लागत होती, पण पाऊस लांबला होता आणि ती आतून दमट राहिली. नरक चतुर्दशीच्या पहाटे दोन घरांत पुडी उघडली तेव्हा आत बुरशी होती. अभ्यंगस्नानाच्या वेळी, तेल लावून बसलेल्या मुलांसमोर. मला फार वाईट वाटलं. दोन्ही घरी जाऊन मी माफी मागितली. आता उटण्यात मी साल घालत नाही, आणि पुड्या वसुबारसेच्या आधी पोचवते, म्हणजे काही बिघडलं तर बदलून देता येतं.

सगळ्यांना एकच वस्तू चालत नाही, हेही हळूहळू कळलं. हॉस्टेलवर राहणाऱ्या भाच्याला मऊ भात कोण करून देणार? त्याला सुक्या खोबऱ्याची लसूण घातलेली चटणी जाते.

आणि तळमजल्यावरच्या आजी. त्यांचं पथ्य कडक, गोड नाही, तिखट नाही. त्यांना काय द्यावं हे मला दोन वर्षं सुचलं नव्हतं. एकदा त्यांच्याकडे बसले असताना त्या वाती वळायला घेऊन बसल्या होत्या. बोटांच्या पेरांना सूज, कापूस हातात धरला जात नव्हता. तासाभरात तीन वाती झाल्या. बाजारात तयार मिळतात, पण त्यांना हातानं वळलेलीच वात लावायची असते. त्या दिवाळीपासून मी त्यांना कार्तिक महिन्याच्या फुलवाती वळून देते, रोजची एक, तिसांचा डबा. त्यांच्या घरी त्रिपुरी पौर्णिमेला साडेसातशे पदरांची त्रिपुरवात लावतात. ती मी एकटीनं करत नाही. मुलांचा अभ्यास घेताना रोज थोडे पदर मोजून बाजूला ठेवते, आणि शेवटचे त्या स्वतः घालतात. पूर्ण गोष्ट करून हातात देण्यापेक्षा हे त्यांना जास्त आवडलं. कापसाचं एक पुडकं सोडलं तर यात मला काही खर्च नाही.

वेळ मात्र लागतो. निवडणं, भाजणं, दळण, बाटल्या, चिठ्ठ्या असे माझे अडीच दिवस जातात. नोकरी करणाऱ्या मुलींना मी म्हणते, चौदा घरांचा हट्ट धरू नका. चार घरं निवडा, आणि कोजागरीनंतरच्या पहिल्या रविवारी भाजायला घ्या. दिवाळीच्या तोंडावर घेतलंत तर दमून जाल, आणि चिडचिड करत भाजलेली मेथी हमखास करपते.

आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मी बाटल्या देताना विसरूनच गेले होते. पहिल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर त्या परत यायला लागल्या. एकीत शेंगदाणे होते, एकीत साखर, एकीत गच्चीवरच्या कुंडीतली गवती चहाची पात. समोरच्या काकू मूळच्या मालवणकडच्या. टाळेबंदीत आमच्या दाराशी दूध ठेवणाऱ्या त्याच. त्यांनी बाटली माझ्यासारखीच धुऊन, वाळवून, वर फडक्याचा तुकडा बांधून आणली. आत गावाहून आलेलं कुळथाचं पीठ होतं, आणि माझ्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं: "मेतकूट संपलं. ही पिठी कर, लसूण ठेचून घाल आणि आमसूल विसरू नकोस."